मासळी टाकून देणाऱ्यांची नावे

दिघीत किंवा आसपासच्या गावांत कुणाचा सत्कार ठरला की मानपत्र लिहायचे काम माझ्याकडे येते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, अक्षर बरे आहे आणि पैसे मागत नाही, एवढी कारणे त्याला पुरतात. निरोप बहुधा आदल्या रात्री येतो. "गुरुजी, चार ओळी झणझणीत लिहा." कुणाविषयी, ते कळते. त्यांनी काय केले, असे विचारले तर उत्तर मिळते, "समाजसेवा." कुठली, कधी, कुणासाठी? "ते तुम्ही घाला काहीतरी." मग 'निःस्वार्थ', 'अविरत', 'चंदनाप्रमाणे झिजून' ही ठरलेली मंडळी कागदावर येऊन बसतात. आमच्या बाजूला चंदन उगवत नाही, नारळ-सुपारी उगवते. पण 'सुपारीसारखे कातरून घेतले' असे मी एकदा लिहिले तर सत्कार समितीच्या अध्यक्षांनी ते खोडले.

सत्काराला माझा विरोध नाही. जन्मभर लोकांच्या उपयोगी पडलेल्या माणसाच्या खांद्यावर म्हातारपणी एक शाल पडली तर त्यात वाईट काय? अडचण वेगळीच आहे. आमच्या किनाऱ्यावर अडल्यानडल्याला धावून जायची जी रीत होती, तिच्यात एक नाव कधी नसायचे. होडी काढायची तर चार वल्ही लागतात. सत्काराला मात्र एकच नाव लागते, एकच खुर्ची, एकच शाल. या तिढ्यात आमच्याकडची निम्मी सेवा कागदावर आलीच नाही.

दिघी म्हणजे राजपुरी खाडीच्या तोंडाशी वसलेले गाव. समोर पाण्यात जंजिरा, पलीकडे राजपुरी, आगरदांडा, मुरूड. तालुका श्रीवर्धन, बाजार बोर्ली पंचतनचा. आज आगरदांड्याहून जंगल जेटीवर मोटारीसकट माणसे येतात, फोटो काढतात आणि दिवेआगरच्या वाटेला लागतात. रस्त्याने यायचे तर अख्ख्या खाडीला वळसा पडतो. माझ्या लहानपणी ना जंगल जेटी होती, ना धड रस्ता. माणूस रात्री अत्यवस्थ झाला की त्याला होडीत घालून पलीकडे मुरूडला डॉक्टरकडे न्यायचे. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी कसे उसळते, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. तरी होडी निघायची. ज्याची होडी तो तांडेल, आणि वल्ह्यावर कोण, तर त्या घडीला जो जागा असेल तो. कोळीवाड्यातला एखादा, मोहल्ल्यातला एखादा, कधी नातेवाइकांपैकीच कुणी. वऱ्हाड पलीकडे न्यायचे असले की हेच तांडेल भाड्यासाठी घासाघीस करत, चार आणे सोडत नसत. आजाऱ्याचे मात्र पैसे घ्यायचे नाहीत. हा नियम कुणी केला होता, ठाऊक नाही. तो मोडलेला मी पाहिला नाही.

आणि सुईण. तिच्याविषयी लिहायला हवे, कारण सत्काराचा जुना प्रकार मी पहिल्यांदा तिच्याच घरी पाहिला. बाळंतीण सुखरूप सुटली की बारशाला सुईणीला लुगडे, खण, नारळ. ज्या घरात मूल जन्मले, त्या घरातली बाई ओटी भरायची. भाषण नाही, पाहुणे नाहीत. त्या वेळी सत्कार करणारा आणि ज्याच्यावर उपकार झाले तो, हे एकच असत. आता या दोघांची ताटातूट झाली आहे. ज्याचा जीव वाचला तो प्रेक्षकांत बसतो, आणि शाल घालायला प्रमुख पाहुणे येतात. त्यांचा ना त्या जिवाशी संबंध, ना वाचवणाऱ्याशी. पाहुण्यांना पुढच्या गावी जायची घाई असते.

जुन्या काळात 'मान' हा शब्द आमच्याकडे होता, नाही असे नाही. होळीचा मान, पालखीचा मान, नारळी पौर्णिमेला पहिला नारळ दर्यात सोडायचा मान. पण तो घराण्याचा. आजोबांकडून बापाकडे, बापाकडून लेकाकडे. तुम्ही कुणासाठी काय केले, याची तिथे चौकशी नसे. हा भाग १९४८ च्या मार्चपर्यंत जंजिरा संस्थानात होता, सिद्दी नवाबाच्या अमलाखाली. दरबारात ज्याला बसायला जागा, तो मानाचा. होडीवाल्याला दरबारात कोण विचारतो? इंग्रजांच्या मुलखात निदान सेवेसाठी म्हणून एक पदक होते. १९०० साली सुरू झालेले 'कैसर-ए-हिंद'. दक्षिण आफ्रिकेतल्या शुश्रूषापथकाच्या कामाची आठवण ठेवून १९१५ साली ते गांधीजींना दिले गेले आणि १९२० साली त्यांनी परत केले. पंडिता रमाबाईंनाही १९१९ साली ते मिळाले. मोठी माणसे, मोठी कामे. वल्ह्यावरच्या माणसापर्यंत ते पोचायची शक्यता नव्हती.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे 'रामदास' बोटीवर.

१७ जुलै १९४७, गुरुवार, आषाढातली अवस. सकाळी आठाच्या सुमारास 'रामदास' मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. बोट १९३६ साली इंग्लंडमध्ये बांधलेली, इंडियन को-ऑपरेटिव्ह नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनीची. हे नाव कोकणात कुणाच्या तोंडी बसले नाही, लोक तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोटीत अलिबागच्या बाजूचे चाकरमानी, बायका, पोरे. सणासाठी गावाला चाललेले. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ वारा आणि लाटा चढल्या, एका मोठ्या लाटेने बोट कलली, घाबरलेली माणसे एका बाजूला धावली आणि बोट उलटून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबई दहा मैलांच्या आत, आणि मुंबईला काही तास पत्ताच नाही की आपल्या दारात काय घडले.

अशा वेळी रेवसचे काही कोळी मचव्यांतून मासळी घेऊन मुंबईकडे चालले होते. वाटेत त्यांना पाण्यात माणसे दिसली. मचव्यात मासळी भरलेली. माणसे घ्यायची तर जागा हवी. त्यांनी मासळी दर्यात टाकली आणि माणसे वर ओढली. पंचाहत्तरएक जीव त्यांनी वाचवले, असे त्या अपघाताच्या हकिगतींत येते.

हे मी वर्गात मुलांना सांगत असे तेव्हा एका वाक्यावर थांबायचो. मासळी टाकली. अवसेच्या दिवशी, ऐन पावसाळ्यात, दर्या अंगावर येत असताना धरलेली मासळी. बाहेरच्या दर्यात होड्या नारळी पौर्णिमेनंतर जातात. त्याआधी हाताला लागते ते किनाऱ्यालगतचे, खाडीतले, आणि तेही जोखमीचे. तेवढ्यावर घर चालवायचे असते. मासळी टाकायची की नाही, याचा विचार करायला त्यांना किती वेळ मिळाला असेल? आणि एकाने ठरवून भागत नाही. नाखव्याने म्हणावे लागते, खलाशांनी ऐकावे लागते, माल ज्याचा त्याने गप्प बसावे लागते. बुडणारी माणसे काठाला लटकली तर मचवाही उलटतो, हे त्यांच्याइतके कुणाला कळणार? मुले विचारायची, "गुरुजी, त्यांची नावे काय?" मी एवढेच सांगायचो की रेवसचे कोळी.

बक्षीस, पदक, जाहीर सत्कार यांच्या हिशेबात तारीख बघा. १७ जुलै म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी २९ दिवस. इंग्रज सरकार गाशा गुंडाळत होते. त्याची पदके, त्याच्या पदव्या संपत आल्या होत्या. नव्या देशाचे पद्म पुरस्कार १९५४ साली आले. बुडणाऱ्याला, जळणाऱ्याला वाचवणाऱ्या सामान्य माणसासाठी सरकारी जीवन रक्षा पदके १९६१ साली सुरू झाली. म्हणजे रेवसच्या लोकांनी माणसे वाचवली तेव्हा एक सरकार देण्याच्या मनःस्थितीत नव्हते आणि दुसरे अजून जन्माला यायचे होते. वर्तमानपत्रांत फाळणीच्या बातम्यांना जागा पुरत नव्हती. नशीब असेही असते.

'रामदास'च्या वीस वर्षे आधी, १९२७ च्या नोव्हेंबरात, 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी वादळात गेल्या होत्या. या तिन्ही बोटींची नावे, त्यांच्या तारखा कोकणात लोकांना पाठ आहेत. बोटीचे नाव टिकते, कारण ते पाटीवर लिहिलेले असते.

पाटीवरून आठवले. आमच्या गावचा एक मुलगा व्यापारी जहाजावर आहे. त्याने इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका जीवरक्षक बोटींच्या ठाण्याचा फोटो दाखवला. तिथे १८२४ पासून समुद्रातल्या माणसांना वाचवणारी एक संस्था आहे, रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. पैसा लोकवर्गणीचा, आणि बोटीवर जाणारे बहुतेक जण स्वयंसेवक, गावातलेच मासेमार, सुतार, दुकानदार. ठाण्याच्या भिंतीवर लाकडी फळे लावलेले. त्यांवर वर्ष, अडकलेल्या जहाजाचे नाव आणि किती जीव वाचवले तो आकडा, एका ओळीत एवढेच. विशेषण एकही नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ओळही तशीच. मला तो फोटो पाहून हेवा वाटला, खोटे कशाला बोलू. पदकेही ते देतात, सोन्याची, चांदीची. पण त्या फळ्यापुढे पदक फिके.

आमच्या दिघीचे नाव मात्र लिहून ठेवलेले आहे, ते कशासाठी? १९९३ च्या जानेवारीत इथल्या धक्क्यावर आणि पुढच्या महिन्यात शेखाडीला जो माल उतरला आणि त्यातून मार्चमध्ये मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले, त्यासाठी. टाडा न्यायालयाच्या कागदांत तारीख, वाहने, कुणी काय उचलले, सारे नोंदलेले आहे. न्यायाला नोंद लागतेच, ते योग्यच. पुढे कित्येक वर्षे बाहेरगावी 'दिघीचा' म्हटले की समोरचा क्षणभर थांबायचा. त्याच धक्क्यावरून किती रात्री किती आजारी पलीकडे नेले, याचे पानभरही कुठे नाही. गावाच्या वाईटाला फाइल आहे, बऱ्याला नाही. मला वाटते हा आमचाच आळस आहे, सरकारला बोल लावून उपयोग नाही.

आमच्याच जिल्ह्यात याच्या उलट उदाहरण आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावून कोकणात माणसे, विशेषतः पोरे, पटापट मरत. देवऋषी, मांत्रिक, नाहीतर नशीब, एवढाच उपाय. या डॉक्टरांनी रुग्णाशेजारी बसून काय होते ते तासातासाला लिहून ठेवले. १९८२ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरले आणि मरणाऱ्यांचे प्रमाण शेकडा चाळीसच्या आसपास होते ते एकदोनावर आले. २०२२ साली पद्मश्री मिळाली. ते नोकरीत होते, त्यांना स्वयंसेवक म्हणता येणार नाही, कबूल. पण मुद्दा बघा. त्यांनी जे केले ते त्यांच्या वहीत होते, म्हणून दुसऱ्या तालुक्यातला, दुसऱ्या देशातला डॉक्टर ते करू शकला. होडीवाल्यांकडे वही नव्हती.

सत्कार मोठा झाला की काय होते, तेही आम्ही रायगडकरांनी पाहिले. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ साली मुंबईत गोरेगावला श्रीबैठक सुरू केली. दारू सोडा, कर्ज काढून लग्ने करू नका, पोरांना शिकवा, हे त्यांनी घराघरात नेले. त्यांचे अनुयायी झाडे लावतात, विहिरी उपसतात, गाव झाडून काढतात. आमच्याकडे त्यांना श्रीसदस्य म्हणतात, आणि ती माणसे खरोखर हाताने काम करतात. नानासाहेबांना २००८ साली महाराष्ट्रभूषण मिळाला. पुढे त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब यांनाही तोच पुरस्कार जाहीर झाला. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात सोहळा झाला. लाखो श्रीसदस्य आले होते, कित्येक जण आदल्या रात्रीपासून. उष्माघाताने १४ जण गेले. जे गेले ते स्वतःच सेवेकरी होते. मंचावर मांडव होता. यापेक्षा अधिक मी लिहीत नाही. पण दुपारच्या सभेचे निमंत्रण कुणी माझ्याकडे लिहायला आणले, तर आता मी वेळ बदलून घेतो आणि मगच लिहितो.

तरी नवी मंडळी घडतेच आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण इथे डोंगर खाली आले आणि दोनशेच्या आसपास माणसे गाडली गेली. २०२१ च्या २२ जुलैला तळिये गेले, ऐंशीहून अधिक माणसांसकट. वाटा बंद, फोन बंद. आधी पोचले ते शेजारच्या वाड्यांतले लोक. महाड, पोलादपूर, माणगावकडे डोंगर चढणाऱ्या पोरांची पथके आता दोर, हेल्मेट, स्ट्रेचर बाळगून असतात. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला सहलीला आलेली १४ कॉलेजची मुले बुडाली, तेव्हा शोधाला पाण्यात उतरले ते तिथले कोळी. या पोरांना पगार नाही. मोटारसायकलच्या पेट्रोलचे पैसेही बहुधा घरचेच.

निसर्ग चक्रीवादळ माझ्या डोळ्यांसमोरचे. ३ जून २०२०, भर दुपार. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातच जमिनीवर आले. त्यात करोनाची टाळेबंदी. श्रीवर्धनी रोठा सुपारी जगात नावाजलेली, तिच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावल्यावर हाती यायला सात-आठ वर्षे जातात, त्यामुळे म्हातारी माणसे वाडीत नुसती उभी होती. वीज कित्येक आठवडे नव्हती. त्या दिवशी संध्याकाळी, वारा पडला न पडला तोच, गावातली पोरे करवती आणि कोयते घेऊन रस्त्यावर उतरली. कुणाचे स्वतःचे छप्पर उडालेले, तरी आधी रस्ता मोकळा केला, कारण बोर्लीच्या दवाखान्यात जायला तोच एक रस्ता. यात मोहल्ल्यातले होते, कोळीवाड्यातले होते, वरच्या आळीतले होते, आणि मुंबईहून आलेले, विलगीकरणातून नुकतेच सुटलेले चाकरमानीही होते, ज्यांना दोन आठवड्यांपूर्वी गावाने वेशीवर थांबवले होते.

नंतर प्रमाणपत्रे आली. मोबाइलवर, रंगीत, 'कोरोना योद्धा' म्हणून. नाव घालायची जागा कोरी ठेवलेली, ज्याने त्याने आपले नाव भरायचे. गावात ज्यांनी कधी करवत हातात धरली नाही, त्यांच्याकडेही दोन-दोन आली. ज्याने तीन दिवस माडाची खोडे कापली, त्या मुलाकडे स्मार्टफोन नव्हता.

त्या पावसाळ्यात मी एक साधी वही केली. रेघांची, दोनशे पानी. काय झाले, कधी, कुठे, कोण कोण होते, आणि त्यांचे काय नुकसान झाले. हा शेवटचा रकाना मी मुद्दाम घातला आहे. सत्कारात माणसाने काय दिले ते सांगतात, त्याला ते काय भावात पडले ते सांगत नाहीत. रेवसच्या लोकांची मासळी त्या रकान्यात जाते. रात्री होडी काढणाऱ्या तांडेलाचा दुसऱ्या दिवसाचा बुडालेला धंदा त्यात जातो. करवत धरणाऱ्या पोराची ठेकेदाराने कापलेली रोजंदारी त्यात जाते. शेजारणीच्या बाळंतपणासाठी स्वतःच्या तापलेल्या पोराला सोडून गेलेली सुईण त्यात जाते. गावातल्या काही जणांना हा रकाना आवडला नाही. "गुरुजी, उपकाराचा हिशेब मांडताय का?" असे म्हणाले. मांडतोच आहे. हिशेब नसला की उपकार स्वस्त होतात.

आता ग्रामपंचायतींकडे माझे एकच मागणे आहे, आणि ते खर्चाचे नाही. ग्रामसभेच्या इतिवृत्ताशेजारी अशी एक वही ठेवा. वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला गाव धक्क्यावर जमतेच, तेव्हा त्या वर्षाच्या नोंदी मोठ्याने वाचा. शाल घ्यायची तर घ्या, नारळ द्यायचा तर द्या, पण आधी नोंद वाचा, आणि सगळी नावे वाचा, वल्ह्यावरच्या शेवटच्या माणसापर्यंत. ज्याचा जीव वाचला तो असेल तर नारळ त्याच्याच हातून द्या.

आणि रेवस, मांडवा, थळ, वरसोलीच्या कोळीवाड्यांतल्या वाचकांना विनंती. तुमच्या घरात आजोबा किंवा पणजोबा १९४७ च्या त्या अवसेला मचव्यात होते असे सांगितले जात असेल, तर त्यांचे नाव, मचव्याचे नाव आणि सोबत कोण कोण होते ते आजच कागदावर लिहून काढा. एक प्रत घरात ठेवा, एक आपल्या ग्रामपंचायतीत द्या. ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकले, ती पिढी आता सत्तरी ओलांडून गेली आहे.